डिस्कवरचे दाणे आणि सिसिलीचं ऊन

मागच्या अंकात मी इटलीच्या जुन्या माफियापटांबद्दल ओझरतं लिहिलं होतं, की हे सिनेमे आता नव्याने रिस्टोअर होऊन डिस्कवर येतायत आणि जमेल त्याने जरूर बघावेत. तेवढ्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. प्रश्न थोडे आटोपशीर करून घेतलेत, राग नसावा.

प्रश्न : माफियाचे सिनेमे म्हणजे मी अमेरिकन तेवढेच बघितलेत. इटलीतल्या लोकांनी स्वतः केलेले सिनेमे वेगळे असतात का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : वेगळे म्हणजे अगदीच वेगळे. अमेरिकन सिनेमा आपल्याला त्या घरात नेऊन बसवतो, लग्न, जेवणाचं टेबल, बाप-मुलगा, आणि आपण नकळत त्यांच्या बाजूचे होतो. इटलीतले दिग्दर्शक उलट बाहेर, गावच्या चौकात उभे राहतात, जिथे भरदिवसा खून झालाय, खिडक्या पटापट लागल्यात आणि ज्याला विचारावं तो म्हणतो मी काही पाहिलं नाही. ती जी गप्प बसण्याची सवय आहे ना, ओमेर्ता म्हणतात तिकडे, ती या सिनेमांची खरी गोष्ट आहे, पिस्तुलं नंतर येतात.

सुरुवात मी तरी फ्रांचेस्को रोझीच्या 'साल्वातोरे जुलियानो'पासून करायला सांगेन, १९६२ चा, ब्लॅक अँड व्हाइट, त्याच वर्षी बर्लिनला रोझीला उत्कृष्ट दिग्दर्शनाचं सिल्व्हर बेअर मिळालं होतं. जुलियानो हा सिसिलीतला खराखुरा दरोडेखोर, ५ जुलै १९५० ला कास्तेलवेत्रानो गावातल्या एका अंगणात त्याचं प्रेत सापडलं, आणि सिनेमा तिथूनच सुरू होतो, वरून दिसणारं अंगण, पालथा पडलेला माणूस, आणि एक अधिकारी प्रेताचं वर्णन कोरड्या आवाजात लिहून घेतोय. पोलिसांनी सांगितलेली हकिगत तेव्हाच लोकांना पटली नव्हती, एका इटालियन साप्ताहिकाने तर मथळाच दिला होता की खात्रीने एवढंच सांगता येतं की तो मेलाय. आता गंमत बघा, ज्याच्या नावाचा सिनेमा आहे त्याचा चेहरा रोझी तुम्हाला धड दाखवतच नाही, लांबून एक पांढरा कोट दिसतो डोंगरावर, बस. कारण त्याला दरोडेखोराची कथा सांगायचीच नाहीये, जुलियानोला वापरून कोणी घेतलं आणि काम झाल्यावर संपवलं कोणी हे विचारायचंय. शूटिंग खऱ्या जागांवर केलंय, व्यावसायिक नट म्हणाल तर मुख्य असे दोनच, फ्रँक वोल्फ आणि साल्वो रांदोने, बाकी तिथलीच माणसं. १ मे १९४७ ला पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्रा इथे शेतकऱ्यांच्या मेळाव्यावर गोळीबार झाला होता, ११ माणसं गेली, तो प्रसंगही त्याच माळावर जाऊन चित्रित केलाय. नुसत्या अभिनयाने ते येत नाही.

सिनेमा मागेपुढे उड्या मारत जातो, पहिल्यांदा गोंधळायला होतं, होऊ द्या. अर्ध्यात सोडू नका एवढंच.

त्यानंतर दामियानो दामियानीचा 'इल जोर्नो देल्ला चिवेत्ता', १९६८ चा, लेओनार्दो शाशाच्या १९६१ च्या कादंबरीवरून केलेला, फ्रांको नेरो हा उत्तरेकडून बदलून आलेला तरुण पोलीस कॅप्टन आणि ली जे. कॉब हा गावचा डॉन, मध्ये क्लाउदिया कार्दिनाले. हा सरळ गोष्ट सांगणारा सिनेमा आहे त्यामुळे रोझी जड गेला तर आधी हा बघितलात तरी चालेल. हलकंफुलकं म्हणून सुरू होऊन पोटात गोळा आणणारं काही हवं असेल तर आल्बेर्तो लात्तुआदाचा 'माफिओसो', तोही १९६२ चाच, मिलानच्या कारखान्यातला एक नेकीने काम करणारा फोरमन सुट्टीत बायको-मुलींना घेऊन सिसिलीला आपल्या गावी जातो, पुढचं मी सांगणार नाही आणि तुम्हीही डिस्कच्या मागचा मजकूर वाचू नका. आल्बेर्तो सोर्दीला इटलीत लोक का एवढं डोक्यावर घेतात ते कळेल.

मारधाड, वेग, शहर असं हवं असेल तर फर्नांदो दी लेओ. 'मिलानो कालिब्रो नोवे' आणि 'ला माला ओर्दिना' १९७२ चे, 'इल बॉस' १९७३ चा. पहिल्याची सुरुवातच बघा, पैशाचं पुडकं मिलानच्या रस्त्यांतून या हातातून त्या हातात जात राहतं, संवाद जवळजवळ नाहीतच, लुइस बाकालोवचं संगीत आणि ओसान्ना नावाच्या रॉक बँडची वाजवणी, आणि पुडकं उघडल्यावर आत कोरे कागद. मग त्या पोचवणाऱ्यांचं जे होतं ते बघवत नाही, कच्च्या मनाच्या माणसांनी जपून. यातला गास्तोने मोस्किन तुम्ही पाहिलेला आहे बरं का, 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागातला पांढऱ्या सुटातला फानुची तोच, आणि 'इल बॉस'मधला रिचर्ड काँते म्हणजे पहिल्या भागातला बार्झिनी.

प्रश्न : रिस्टोअर केलेली म्हणून नवी डिस्क घेतली, पण पूर्ण चित्रभर बारीक दाणे वळवळताना दिसतात. जुनी डीव्हीडी याहून गुळगुळीत होती. फसलो का?

उत्तर : नाही हो, फसला नाहीत, बहुतेक तुम्हाला चांगलीच डिस्क मिळालीय. हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारला म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फिल्म म्हणजे काय, तर पट्टीवर लावलेला चांदीच्या क्षारांचा थर, त्याचे कण उजेडाने बदलतात आणि त्या कणांचंच चित्र बनतं. म्हणजे दाणे हे चित्रावर बसलेली धूळ नाहीत, चित्रच दाण्यांचं आहे. रंगीत फिल्ममध्ये चांदी धुऊन जाते पण तिच्या जागी रंगाचे बारीक ठिपके राहतात, गोष्ट तीच. प्रत्येक फ्रेमवर दाण्यांची मांडणी वेगळी त्यामुळे ते वळवळतात. त्यात इटलीची आणखी एक भानगड, १९६० मध्ये टेक्निकलरच्या रोमच्या शाखेने टेक्निस्कोप नावाची पद्धत काढली, एरवी ३५ मिमी फिल्मवर एका फ्रेमला पट्टीच्या कडेच्या ४ छिद्रांची उंची लागते, यांनी २ छिद्रांत बसवली, रुंद पडद्याचा सिनेमा निम्म्या फिल्ममध्ये. कमी पैशात सिनेमे करणाऱ्यांना लॉटरीच लागली, पण निगेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फिल्म, निम्मं म्हणजे पडद्यावर ते दुप्पट ताणायचं, दाणा मोठा दिसणारच. अशा सिनेमाची डिस्क जर काचेसारखी स्वच्छ दिसली तर मी काळजी करेन.

कारण दाणे काढण्याचं सॉफ्टवेअर आंधळं असतं. त्याला दाणा, गालावरचं छिद्र आणि कोटाची वीण यातला फरक कळत नाही, बारीक ते सगळं ते पुसतं. माझ्याकडे दी लेओच्या एका सिनेमाची जुनी कॉपी होती, कंपनीचं नाव नको, त्यात मोस्किनचा तो दगडी चेहरा मेणाचा झाला होता, आणि तो मान वळवायचा तेव्हा गालाची कातडी अर्धा क्षण मागे राहून मग येतेय असं वाटायचं. त्या माणसाचा अख्खा अभिनय म्हणजे चेहऱ्यावर काही न दाखवणं आहे, सगळं काम पापणी आणि जबडा करतात, ते पुसलंत तर उरतं काय? मी ती कॉपी दोन वर्षं बघून हा नट लाकडी आहे असं समजत होतो, आणि नंतर नीट केलेली डिस्क बघितल्यावर मला खरंच वाईट वाटलं, नटाबद्दलही आणि त्या दोन वर्षांबद्दलही.

ओळखायचं कसं ते सांगतो. पॉज करून एकेक फ्रेम पुढे सरका. दाणे पूर्ण चित्रात सारखे पसरलेले असतील आणि दर फ्रेमला बदलत असतील तर तो फिल्मचा ग्रेन. चौकोनी ठोकळे दिसत असतील, त्यातही अंधाऱ्या कोपऱ्यात, आणि ते जागेवर चिकटून बसत असतील तर ते वाईट कॉम्प्रेशन, म्हणजे डिस्कवर मावावं म्हणून चित्र दाबताना झालेली नासाडी, तिथे तक्रार करा. माणसांच्या कडेला पांढरी रेघ उमटत असेल तर कुणीतरी शार्पनेस वाढवलाय. आणि आधी स्वतःचा टीव्ही तपासा, नॉइज रिडक्शन बंद, मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद, शार्पनेस खाली, फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : रिस्टोरेशन म्हणजे नेमकं करतात काय? कॉम्प्युटरवर एक बटण दाबून होत नाही का?

उत्तर : बटणाने होतं ते वर सांगितलं, मेणाचे चेहरे. खरं काम सुरू होतं गोदामात. मूळ कॅमेरा निगेटिव्ह कुठाय, पूर्ण आहे का, एखादं रीळ गायब असेल तर दुसऱ्या कुठल्या कॉपीतून भरायचं, हे आधी. अॅसिटेट फिल्म, म्हणजे त्या काळची प्लास्टिकसारखी पट्टी, ओलाव्याने आणि उष्णतेने सडत जाते, डबा उघडला की व्हिनेगरचा वास मारतो, फिल्म आकसते, वाकडी होते, अशी पट्टी स्कॅनरमधून नेणं म्हणजे जीव मुठीत धरून. फाटलेली छिद्रं हाताने जोडतात. ओरखडे असतील तर फिल्म एका द्रवात बुडवून स्कॅन करतात, द्रव ओरखड्यात भरतो आणि प्रकाश वाकडा न जाता सरळ जातो, त्यामुळे वरवरचा ओरखडा दिसतच नाही, वेट गेट म्हणतात त्याला. मग एकेक फ्रेम. १०० मिनिटांचा सिनेमा म्हणजे १,४४,००० फ्रेम्स, करा हिशोब. 'गॉडफादर'ला ५० वर्षं झाली तेव्हा २०२२ मध्ये त्रयीचं जे नवं काम झालं त्यात फिल्मची ३०० हून जास्त खोकी तपासली होती आणि डाग, फाटणं वगैरे दुरुस्तीला ४,००० तासांहून जास्त गेले असं स्टुडिओने सांगितलं होतं. तो हॉलिवूडचा पैसा आहे. दामियानी, दी लेओ यांच्या सिनेमांना इतका पैसा कोण देणार, तरी बोलोन्या आणि रोमच्या लॅबमधून जे बाहेर येतंय ते बघून मला दर वेळी त्या लोकांचे पाय धरावेसे वाटतात.

घरबसल्या एक खूण सांगतो. साधारण २० मिनिटांनी रीळ संपायच्या आधी चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकून जातो का बघा. ती थिएटरमधल्या ऑपरेटरसाठीची खूण, दिसली तर बहुतेक कॉपी थिएटरच्या प्रिंटवरून घेतलीय. प्रिंट म्हणजे निगेटिव्हपासून दोन-तीन पिढ्या लांब, त्यामुळे बारकावे कमीच असणार.

ब्लॅक अँड व्हाइटला तर हे फारच जाणवतं. 'साल्वातोरे जुलियानो'चं छायाचित्रण जान्नी दी वेनांझोचं, आणि त्यात सिसिलीचं ऊन हे एक पात्र आहे असं मी मानतो. जुलियानोच्या गावातले, मोन्तेलेप्रेमधले पुरुष सैनिक धरून नेतात तेव्हा काळ्या कपड्यातल्या बायका घरातून बाहेर पडून गल्लीतून लोंढ्यासारख्या धावत सुटतात, तो प्रसंग. जुन्या कॉपीत भिंती नुसत्या पांढऱ्या आणि बायका नुसत्या काळ्या. चांगल्या कॉपीत भिंतीतला दगड न् दगड दिसतो, काळ्या शालीच्या घड्या दिसतात, आणि मुख्य म्हणजे चेहरे दिसतात, घोळक्यातली एकेक बाई वेगळी दिसते. प्रसंग तोच पण आधी जमाव होता आता माणसं आहेत.

प्रश्न : एकाच सिनेमाच्या दोन डिस्क, एकात आकाश निळं, दुसऱ्यात पिवळट-हिरवं. खरं कुठलं?

उत्तर : हा वादाचा विषय आहे आणि संग्राहक यावर हातघाईवर येतात. मूळ अडचण अशी की त्या काळची रंगीत फिल्म उडते, निळसर हिरवा रंग आधी जातो आणि प्रिंट गुलाबी होते, निगेटिव्हचे रंगही ढळतात. म्हणजे रंग नव्याने बसवावेच लागतात, आणि छायाचित्रकार हयात नसेल तर कोणाला विचारणार? चांगली लॅब त्या काळची टेक्निकलरच्या डाय ट्रान्सफर पद्धतीची प्रिंट शोधते, त्यात रंग शाईसारखे छापलेले असतात आणि टिकतात, रोममध्ये ७० च्या दशकातही त्या निघत होत्या. अशी प्रिंट समोर ठेवून केलेलं काम मी डोळे झाकून मानतो. पण काही वर्षांपूर्वी बऱ्याच रिस्टोरेशनवर सरसकट पिवळी झाक आली होती, वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या छायाचित्रकारांचे सिनेमे आणि सगळ्यांना तीच झाक, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. पांढरा शर्ट बघा. भर उन्हातला पांढरा शर्ट पांढरा दिसत नसेल आणि गोष्टीत त्याला काही कारण नसेल, तर निळं आकाशवाली डिस्क ठेवा.

प्रश्न : इटालियन ऑडिओ लावू की इंग्रजी? इंग्रजीत ओठ जुळतात काही जणांचे, मग मूळ तेच ना?

उत्तर : छान निरीक्षण. त्या काळी इटलीत सेटवरचा आवाज सिनेमात वापरायची पद्धतच फारशी नव्हती, संवाद नंतर स्टुडिओत डब करायचे, आणि सेटवर जो तो आपापल्या सोयीच्या भाषेत बोलायचा. ली जे. कॉब, मार्टिन बाल्सम, हेन्री सिल्वा ही अमेरिकन मंडळी, त्यांच्या ओठांवर इंग्रजी आणि बाजूच्याच्या ओठांवर इटालियन. त्यामुळे शंभर टक्के मूळ असा ट्रॅकच नसतो.

तरी मी इटालियनच लावतो. 'इल जोर्नो देल्ला चिवेत्ता'मध्ये डॉन त्या कॅप्टनला माणसांच्या पाच जाती सांगतो, शाशाच्या पुस्तकातलंच आहे ते, वरून खाली उतरत जातो, पूर्ण माणूस, मग अर्धा माणूस, मग टीचभर माणूस, आणखी एक शिवी, आणि सगळ्यात तळाला 'क्वाक्वाराक्वा'. हा सिसिलियन शब्द, बदकाच्या आवाजासारखा, नुसती बडबड करणारा बिनकण्याचा माणूस, आणि या पुस्तकामुळे तो इटलीभर लोकांच्या तोंडी झाला. इंग्रजी ट्रॅकवर त्या शब्दाची चवच जाते. इटालियन ऐका, सबटायटल लावा, आणि त्या जागी सबटायटल न वाचता फक्त ऐका.

बाकी ऑडिओ मूळ मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा, असेल तर मोनोच ऐका, थोडी खरखर चालते.

प्रश्न : माझ्या जुन्या डीव्हीडीवर सिनेमा नव्या ब्लू-रेपेक्षा ४-५ मिनिटांनी कमी आहे. सीन कापलेत?

उत्तर : असेलच असं नाही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा, युरोपातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ ने पळवायचे, म्हणजे १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. फरक साधारण ४ टक्के असेल तर निर्धास्त राहा. त्याहून जास्त असेल तर मात्र ती परदेशात विकायला कापलेली आवृत्ती असू शकते, तेव्हा हे सर्रास व्हायचं, नावंही बदलायचे, 'ला माला ओर्दिना' इंग्रजीत दोन-तीन नावांनी फिरलाय त्यामुळे घेण्याआधी इटालियन नाव बघा नाहीतर एकच सिनेमा दोनदा घ्याल.

प्रश्न : ब्लू-रेवर रिजन बी लिहिलंय, चालेल का?

उत्तर : रिजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचं कुलूप, त्यामुळे प्लेअर रिजन बी किंवा मल्टिरिजन (सगळे रिजन चालवणारा) असेल तरच. फोर-के यूएचडी डिस्कला रिजन नसतो, पण त्याच डब्यात सोबत साधी ब्लू-रे असते तिला असू शकतो, आणि मुलाखती वगैरे बऱ्याचदा त्या साध्या डिस्कवरच असतात. दामियानी आणि फ्रांको नेरोचे तीन माफियापट ब्रिटनच्या रेडिअन्स फिल्म्सने एका संचात काढलेत तो घ्यायचा विचार असेल तर आधी हे तपासा.

प्रश्न : नवीन रिस्टोअर केलेली आली, आता जुन्या डीव्हीडी देऊन टाकू का?

उत्तर : थांबा, आधी प्रत्येकीवरच्या मुलाखती बघून घ्या. दी लेओ २००३ मध्ये गेला, दामियानी २०१३ मध्ये, रोझी २०१५ मध्ये. ही माणसं स्वतः बसून बोललीत अशा मुलाखती जुन्या डिस्कवर आहेत आणि नवी कंपनी आली की हक्क बदलतात, मुलाखती पुढच्या डिस्कवर येतीलच असं नाही. माझ्या कपाटात काही डिस्क अशा आहेत की सिनेमा मी त्यावर पुन्हा कधीच लावणार नाही, नुसत्या मुलाखतीसाठी ठेवल्यात. उभ्या ठेवा, उन्हापासून लांब, आणि कुठल्या डिस्कवर कोणाची मुलाखत आहे ते एका वहीत लिहून ठेवा, नंतर सापडत नाही.